पंचनाम्यातली माती

नोकरीतल्या बऱ्याचशा घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, हेसुद्धा नीट सांगता येत नाही. ही एक घटना मात्र अजून जशीच्या तशी आठवते. आठवली की आधी मला माझीच लाज वाटते आणि मग दोन-तीन माणसांचे आभार मानावेसे वाटतात. त्यांची नावे मी लिहिणार नाही. यात एक लहान मुलगी आहे आणि तिची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे. बाकीच्यांना विचारले तर ते म्हणतील, आम्ही काय एवढं केलं साहेब, कशाला लिहिता.

मी तेव्हा नाशिकला पोलीस निरीक्षक होतो. माझी हद्द पंचवटीच्या पुढची. अर्ध्या हद्दीत जुन्या गल्ल्या आणि भाजीबाजार, अर्ध्या हद्दीत नवे ले-आउट. तिथे एका इमारतीत लोक राहायला आलेले, शेजारची अर्धवट बांधलेली आणि मधले चार-पाच प्लॉट मोकळे. मोकळ्या प्लॉटवर फेब्रुवारीत कमरेएवढे वाळलेले गवत उभे असते आणि त्या गवतात सगळ्या कॉलनीचा कचरा. त्याच्या पलीकडे द्राक्षबागा सुरू व्हायच्या.

पहिली आग लागली ती दिवेलागणीच्या सुमारास. कंट्रोल रूमचा फोन आला, आमची बीट मार्शलची मोटारसायकल गेली, तोवर इमारतीतल्या लोकांनी बादल्यांनी पाणी ओतून आग विझवलीही होती. स्टेशन डायरीला नोंद झाली आणि विषय संपला. आठेक दिवसांनी दुसऱ्या प्लॉटवर आग. पुन्हा तीच वेळ, पुन्हा लोकांच्या बादल्या. मग तिसरी, या वेळी मात्र अग्निशमन दलाचा बंब आला.

मला एक खोड होती. घटना कितीही किरकोळ असो, जागा मोजायची. ठाण्यातले लोक माझ्यामागे मला 'टेपवाले साहेब' म्हणत, हे मला ठाऊक होते आणि त्याचा थोडा अभिमानही होता. तर तिन्ही जागा मोजल्या गेल्या होत्या. तिन्ही पंचनाम्यांत जवळपास एकच मजकूर होता: जळालेली जागा अंदाजे आठ फूट बाय सहा फूट, चौकोनी, त्यावर मातीचा पातळ थर, सदरची माती आग विझवण्याकरिता टाकल्याचे दिसते.

हे शेवटचे वाक्य हवालदाराने लिहिले, पंचांनी सह्या केल्या आणि मी वाचून फाइलला लावले. तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा मला काही खटकले नाही. लोकांनी पाणी ओतले होते, माती कोणी टाकली हे कोणालाच विचारले नाही. पोलिसांच्या कागदावर एकदा 'दिसते' असे लिहिले गेले की पुढचा माणूस डोळे मिटून तेच पाहतो. मीही तेच केले.

चौथ्या आगीने मात्र सगळे बदलले. त्या प्लॉटला लागून पत्र्याच्या शेडमध्ये एक अभ्यासिका होती. कचेरीत हेडक्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ ती चालवत. आसपासच्या वस्तीतली मुले संध्याकाळी तिथे येऊन बसत, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत, त्यांना 'सर' म्हणत. मीही त्यांना सरच म्हणतो. त्या संध्याकाळी वारा फिरला, आग कुंपणावर गेली आणि तिथून शेडच्या मागच्या भिंतीवर. आतली मुले वेळेवर बाहेर पडली. पण बंब पोचेपर्यंत मागच्या बाजूची दोन कपाटे जळाली आणि त्यात सरांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके होती.

सर फिर्याद द्यायला आले तेव्हा त्यांच्या शर्टाला काजळी लागलेली होती. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "साहेब, आत अकरा मुलं होती. दार मागच्या बाजूला असतं तर?"

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला. वरून फोन सुरू झाले, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचा उद्धार सुरू झाला. आणि माझ्या डोक्यात एक सिद्धांत तयार झाला. आगी मोकळ्या प्लॉटवरच लागतात, म्हणजे भानगड जमिनीची. कोणीतरी दलाल मालकांना घाबरवून प्लॉट पदरात पाडून घ्यायला बघतोय. सिद्धांत इतका सुबक होता की मी त्याच्या प्रेमातच पडलो. तीन दिवस आम्ही शहरातले यच्चयावत प्लॉटचे दलाल बोलावले, बसवले, चहा पाजला आणि सोडले. त्यांच्याकडून एवढेच कळले की माझे स्वतःचे घर मी चुकीच्या भागात घेतले होते.

चौथ्या दिवशी खबर मिळाली. खबर देणारा त्या कॉलनीच्या तोंडाशी हातगाडीवर इस्त्री करणारा माणूस. खबरी असा तो नव्हताच. माझा गणवेश आणून द्यायला आला आणि घोटाळत उभा राहिला.

"काय रे, काय झालं?"

"साहेब, मोठं काही नाही. ते अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगचं वॉचमन कुटुंब आहे ना, सुरगाण्याकडचं. त्यांच्याकडे शेण जातं."

"शेण?"

"मागच्या गोठ्यातून घमेल्यात शेण नेतात. म्हशी नाहीत, गाय नाही, चूल गॅसची. मग शेण कशाला लागतं? आणि ज्या प्लॉटवर नेतात, दोन दिवसांनी तिथंच आग."

घमेले कोण नेते, असे मी विचारायला हवे होते. मी विचारले नाही. 'वॉचमन' हा शब्द ऐकला आणि उठलो.

वॉचमनला दुपारी ठाण्यात आणला. तिशी-पस्तिशीचा, काटक, पायात चप्पल नाही. दरवर्षी दिवाळीनंतर बायको-मुलांना घेऊन खाली यायचा, बागांची कामे करायचा आणि शिमग्याला परत डोंगरात जायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच पावसाळ्यापर्यंत राहायचे म्हणून वॉचमनचे काम धरले होते. मी खुर्ची ओढून बसलो. पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणाला, "मीच लावली साहेब."

"चारही?"

"चारी मीच."

"कशाला?"

"थंडी वाजत होती."

फेब्रुवारी संपत आला होता, ठाण्यातले पंखे फिरत होते. खऱ्या गुन्हेगाराची कबुली सावकाश येते. आधी कारणे, मग दुसऱ्याचे नाव, मग पाणी मागणे आणि मग कुठे एखादे खरे वाक्य. हा माणूस तर घाईत होता. शिवाय बोलताना तो सारखा दाराकडे बघत होता. पळायचा विचार दिसतो, असे मला वाटले. दारात त्याची मुलगी उभी होती, अकराएक वर्षांची, कडेवर लहान भाऊ. महिला अंमलदाराने तिला दोनदा घरी जा म्हणून सांगितले होते. ती गेली नव्हती.

हे सगळे मला दिसत होते, तरीही मी अटकेचे कागद काढायला सांगितले. खोटे कशाला सांगू, मला ते प्रकरण संपवायचे होते. आरोपी होता, कबुली होती आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा केला की फोन थांबणार होते. फक्त अभ्यासिकेशेजारच्या प्लॉटवर नेऊन एकदा त्याच्याकडून करून दाखवून घेऊ, म्हणून त्याला गाडीत घातले.

आता आमच्या गाडीच्या चालकाबद्दल. पोलीस नाईक होता, मूळचा सुरगाण्याचाच. फारसा बोलायचा नाही. जागेवर पोचल्यावर साहेब लोक उतरतात आणि चालक गाडीत बसून राहतो, ही पद्धत. त्या दिवशी तो का उतरला हे मी त्याला पुढे कधी विचारले नाही, पण तो उतरला याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

वॉचमनला विचारले, कुठून पेटवलेस? त्याने एक कोपरा दाखवला. थोड्या वेळाने दुसरा दाखवला. काडी कुठे टाकली, सांगता येईना. माझा पारा चढू लागला होता. तेवढ्यात मागून नाईक म्हणाला, "साहेब, जरा इकडं बघता का?"

तो प्लॉटच्या कडेला उकिडवा बसला होता. एक कोपरा आगीने गाठलाच नव्हता, त्याआधीच बंबाचे पाणी तिथे पोचले होते. नाईकाने बोटांनी हळूहळू थर बाजूला केले. वर बारीक माती. तिच्याखाली वाळके गवत. त्याखाली पाला आणि टहाळे. सगळ्यात खाली शेण, हाताने सारखे पसरलेले.

"ही माती विझवायला टाकलेली नाय साहेब," तो म्हणाला. "विझवायला टाकली असती तर जळक्यावर असती. हितं गवत जळलंच नाय, तरी वर माती हाय. ही आधीच टाकलेली हाय."

"आधीच? म्हणजे?"

"हा राब हाय."

डोंगरी भागात भात आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपे तयार करायला जमिनीचा एक तुकडा निवडतात. त्यावर शेण, पाला, गवत असे थर लावतात आणि आग मंद राहावी, राख उडू नये म्हणून वरून माती पसरतात. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन तो भाजतात. तण मरते, जमीन मऊ होते आणि पावसाच्या तोंडाशी तिथे बी टाकतात. मला हे पुस्तकी माहीत होते. नाशिक जिल्ह्यात इतकी वर्षे काढूनही मी राब कधी पाहिला नव्हता.

"भाजतात तर बापेमाणसंच," नाईक पुढे म्हणाला, "पण शेण पसरायचं, पाला गोळा करायचा, ते पोरीबाळींचंच काम असतं. आणि हे बघा, किती नीट केलंय." मग त्याने वॉचमनकडे पाहिले. तो माणूस मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. दारात उभी असलेली मुलगी. बाप तिच्याकडेच बघत होता.

मुलांची चौकशी ठाण्यात करत नाहीत, गणवेशात करत नाहीत, आईबापांशिवाय करत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साध्या कपड्यांत त्या इमारतीत गेलो. मुलांच्या बाबींसाठी नेमलेल्या आमच्या महिला उपनिरीक्षक होत्या, नाईक होता आणि मी. आई कामावर गेली नव्हती, भेदरून भिंतीला टेकून बसली होती. मुलगी समोर बसली, भाऊ मांडीवर.

मी शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारले, "बाळा, आग का लावलीस?"

काही नाही. पुन्हा विचारले. तिने भावाला आणखी जवळ घेतले. उपनिरीक्षक बाईंनी विचारून पाहिले, बिस्किटे पुढे केली. मुलगी जमिनीकडे बघत राहिली. असा अर्धा तास गेला. मग नाईकाने मला नजरेनेच विचारले आणि तो तिच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी एकच वाक्य बोलला. मला ते समजले नाही. पण मुलीने मान वर केली आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. हातवारे करून, मध्येच चिडून, एकदा तर चक्क माझ्याकडे बोट दाखवून.

तिचे संपल्यावर मी नाईकाला विचारले, "तू काय विचारलंस?"

"मी इचारलं, तुझा राब कसा बिघडला."

ती तक्रार करत होती. पहिला राब इमारतीतल्या लोकांनी पाणी ओतून बिघडवला. दुसराही त्यांनीच. तिसऱ्याला तर लाल गाडी आली आणि सगळा चिखल केला. दर वेळी तिला नव्याने जागा शोधावी लागली, नव्याने शेण आणावे लागले. आम्ही जितक्या तत्परतेने विझवत होतो, तितक्या तत्परतेने ती पुढचा राब लावत होती. चौकशीला बसवलेल्या पोरीने माझ्याविरुद्धच फिर्याद द्यावी, असे माझ्या नोकरीत एकदाच घडले.

कारणही तिने सांगितले. एका संध्याकाळी बाप आईला म्हणाला होता की यंदा राब भाजला जाणार नाही, म्हणजे नागली नाही, आता परत जाऊन तरी काय करायचे. मुलीने तेवढेच ऐकले आणि त्याचा सरळ अर्थ लावला. राब झाला तर रोपे होतील, रोपे झाली तर घरी जाता येईल. रोपांच्या जुड्या बांधून जीपच्या टपावर टाकून न्यायच्या, एवढा पुढचा विचारही तिने करून ठेवला होता. आईबाप कामावर असताना तिने एकटीने हे सारे केले होते; चौथी जळालेली जागा पाहून बापाने ते ओळखले होते.

चौथ्या आगीचे मात्र ती हळू आवाजात बोलली. "खाली प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. मला दिसल्या नाय." गावाकडच्या शेतात गवताखाली जमीन असते. शहरातल्या प्लॉटवर गवताखाली थर्माकोल, पिशव्या, रंगाचे डबे असतात. वारा दोन इमारतींमधून कसा वळेल हेही तिला कोण सांगणार. तिने पाण्याचा डबा जवळ ठेवला होता, तो ओतला. मग फांदीने आग झोडपली. मग हातांनी.

तेव्हा उपनिरीक्षक बाईंनी तिचा उजवा हात भावाच्या पाठीमागून हलकेच ओढून घेतला. तळहातावर फोड आले होते, दोन फुटून चिघळले होते. कालपासून ती भावाला कडेवर का घेऊन उभी होती, ते मला तेव्हा कळले. आम्ही तीन दिवस दलालांना चहा पाजत होतो आणि ही पोर भाजलेला हात लपवून भाऊ सांभाळत होती.

तिला लगेच सरकारी दवाखान्यात नेले. बापाला आदल्या रात्रीच सोडले होते. एवढ्या लहान वयाच्या मुलाचा प्रश्न असेल तर त्याला समज किती होती हे कायदाच आधी बघायला सांगतो, त्यामुळे आम्ही सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करून बाल न्याय मंडळाकडे पाठवला. पण खरी भीती मला मंडळाची नव्हती, कॉलनीची होती. बातमी फुटली होती. 'त्या लोकांना' हलवा म्हणून रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा बोलावली होती. एकदा ती मुलगी आग लावणारी म्हणून ओळखली गेली की कुटुंब जाईल तिथे ते नाव तिच्या आधी पोचणार, हे मला अनुभवाने माहीत होते.

सभेआधी मी सरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी अर्धवट जळालेले एक पुस्तक उचलून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "पुस्तकं भरून येतील असं मी म्हणणार नाही साहेब. काही पुस्तकं आता मिळतसुद्धा नाहीत. मला राग आहे आणि तो राहणार."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

सभेत बरेच लोक बोलले. कोणी दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. लहान मुलांच्या खोल्या त्या प्लॉटच्या बाजूलाच होत्या. मग सर उठले.

"सगळ्यात जास्त नुकसान माझं झालंय, म्हणून मी बोलतो," ते म्हणाले. "या शहरात नोकरीला आलो तेव्हा भाड्याची खोली मिळायला मला दोन वर्षं लागली. आडनाव विचारायचे आणि खोली गेली म्हणायचे. तेव्हा हलवा, काढा, इथे नको, हे शब्द मी ऐकलेत. माझ्या तोंडून ते निघणार नाहीत. पोरगी चुकली. तिला शिकवू. तिच्या बापाने उद्या परत कामावर यावं."

एवढे बोलून ते बसले. मग एक बाई म्हणाल्या की प्लॉटवरचे गवत काढायला आपण किती वर्षे म्हणतोय. आणि सभा गवताच्या विषयावर गेली. त्या वेळी मला सरांच्या पाया पडावेसे वाटले होते. त्यांना ते आवडले नसते म्हणून पडलो नाही.

मंडळानेही सरांचे म्हणणे नोंदवून घेतले आणि समज देऊन मुलीला आईबापांच्या ताब्यात दिले. कागदोपत्री प्रकरण संपले होते. पण बाहेर पडताना मी मुलीला सहज विचारले, "आता पुन्हा नाही ना लावणार?"

तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले. "राब अजून झाला नाय."

आमची समज, समुपदेशन, अहवाल, सगळे त्या चार शब्दांपुढे फुकट होते. आग बंद करायची तर तिला घरी जायला मिळायला हवे होते. दुसरा उपाय नव्हता. बापाशी बोललो. त्याला वाटत होते की बिल्डरला वॉचमन म्हणून जोडपेच हवे, बायको गेली तर काम जाईल. मी सुपरवायझरला भेटलो. तो म्हणाला, "मला दोन माणसं पाहिजे साहेब, नवरा-बायकोच पाहिजे असं कोण म्हणालं?" इतक्या साध्या गोष्टीसाठी चार आगी लागल्या होत्या. बापाचा धाकटा भाऊ आला आणि आई दोन्ही मुलांना घेऊन शिमग्याच्या आधी परत निघाली. नाईकाने त्यांना पेठ नाक्यावर जीपमध्ये बसवून दिले. मुलीच्या हाताला अजून पट्टी होती.

त्यानंतर दर वर्षी जानेवारी सरता सरता आम्ही सरांच्या अभ्यासिकेत मुलांना जमवू लागलो. अग्निशमन दलाचे एक अधिकारी यायचे. फार चांगला माणूस. तो मुलांना कधी 'आगीशी खेळू नका' असे सांगायचा नाही. आधी विचारायचा, तुम्हाला आगीतले काय काय येते? मग मुले सांगायची. कापूर लावतो, चूल पेटवतो, गीझर चालू करतो, फटाक्यांची दारू काढून एकत्र करतो. शेवटच्या वाक्याला आया उठून आपापल्या मुलाजवळ यायच्या. पण सांगितले म्हणून तर कळले. काडेपेटी वर ठेवा, मोकळ्या प्लॉटवरचे गवत शिमग्याआधी काढा, हे आम्ही सांगायचोच. त्यापलीकडे पालकांना मी एकच सांगतो. मुलाच्या हातात काडी दिसली तर काडी काढून घ्या आणि मग त्याला काय करायचे होते ते विचारा. 'का केलेस' या प्रश्नाला मूल उत्तर देत नाही, कारण त्याला तो प्रश्न वाटत नाही, शिक्षा वाटते. 'काय करत होतास' म्हटले की ते सांगायला लागते. हे मला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले नव्हते. माझ्या गाडीच्या चालकाने एका वाक्यात शिकवले.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये नाईक म्हणाला, "साहेब, त्या पोरीचा बाप बोलावतोय. राब बघायला या म्हणला. सरांना पण आणा."

आम्ही तिघे गेलो. सर वाटेत तीनदा म्हणाले की इतक्या लांब आग बघायला जाणारे आपणच. उतारावर त्यांचा राब तयार होता, थर लावलेला, वर मातीची पातळ चादर. कडेने हातभर जमीन खरडून मोकळी केलेली. मुलगी उंच झाली होती, पण तिने सरांकडे बघितले आणि पुन्हा तशीच मान खाली घातली. सरांनी पिशवीतून एक गोष्टींचे पुस्तक काढून तिला दिले. म्हणाले, "हे नवीन आहे. जपून ठेव." ती हो म्हणाली.

मग तिने आम्हा दोघांच्या हातांत पाण्याच्या कळश्या दिल्या आणि कुठे उभे राहायचे ते दाखवले. मी निरीक्षक, सर निवृत्त हेडक्लार्क, दोघेही सांगितल्या जागी उभे राहिलो. बापाने काडेपेटी काढली आणि मुलीकडे पाहिले. त्या घरात वाऱ्याचा अंदाज तीच घेत होती. तिने चिमूटभर बारीक माती वर धरून सोडली. माती एकदा इकडे गेली, एकदा तिकडे. तिने मान हलवली. आम्ही थांबलो. सूर्य डोंगराआड गेला. तिने पुन्हा माती सोडून पाहिली, पुन्हा मान हलवली. माझे हात भरून आले होते, पण कळशी खाली ठेवायची कोणाची छाती होईना.

शेवटी ती बापाला म्हणाली, "आज नको. वारा फिरतोय." आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "उद्या या."

बापाने काडेपेटी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मला बंदोबस्त होता, त्यामुळे थांबता येणार नव्हते. गाडीत बसल्यावर सर म्हणाले, एवढे आलो आणि राब काही पाहायला मिळाला नाही. मी काच खाली करून मागे पाहिले, उतार काळोखात गेला होता. त्या संध्याकाळी त्या पोरीने आग लावली नव्हती.